सतरा इंची मोठेपण

महाराष्ट्रात माणसाचा फोटो मोठा छापला जाण्याचे मार्ग ठरलेले आहेत. एक तर तो देव असला पाहिजे. नाहीतर तो गेलेला असला पाहिजे. आणि हे दोन्ही नसेल तर आज त्याचा वाढदिवस असला पाहिजे आणि निदान नगरसेवक होण्याची इच्छा तरी त्याने बाळगलेली असली पाहिजे. पहिल्याची जागा देवघराच्या वर, दुसऱ्याची हॉलमध्ये सोफ्याच्या समोर आणि तिसऱ्याची चौकात, सिग्नल दिसणार नाही अशा बेताने. या तिन्हींत न बसणारा माणूस आयुष्यभर पासपोर्ट साइजवर भागवतो. लग्नात एकदा त्याचा बारा बाय अठराचा अल्बम निघतो. पण तो साड्यांच्या खाली जातो, आणि चुकून बाहेर आलाच तर फोटोग्राफरने नवरा-नवरीच्या मागे परस्पर स्वित्झर्लंड लावलेलं दिसतं.

अशा राज्यात एखादा पगारदार माणूस जेव्हा म्हणतो, ‘घरी मोठे फोटो छापायचेत, त्यासाठी प्रिंटर घेतोय,’ तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न ‘केवढ्याला?’ हा नसतो. ‘कोणाचे?’ हा असतो.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. रोहित पक्ष्यांचे. पुण्यात ज्याच्याकडे कॅमेरा आहे त्याला हिवाळ्यात भिगवणला जावंच लागतं. उजनीच्या फुगवट्यात रोहित उतरतात आणि काठावर पुणेकर. रविवारी सकाळी पक्षी एका पायावर आणि माणसं एका गुडघ्यावर, आणि दोघांपैकी कोणाची गर्दी जास्त हे सांगणं कठीण. तिथून आणलेले फोटो कॉम्प्युटरवर जातात, कॉम्प्युटरवरून हार्ड डिस्कवर, ती बिघडली तर असावी म्हणून दुसऱ्या हार्ड डिस्कवर. तिथे ते अत्यंत सुरक्षित असतात, कारण कोणी बघतच नाही. मग कधीतरी एखादा जाणकार सांगतो, ‘कागदावर आल्याशिवाय फोटो पुरा होत नाही.’ झालं. त्या रात्रीपासून माणूस प्रिंटरांची माहिती वाचत जागतो.

आपली चित्रं आपणच छापावीत ही हौस तशी जुनी. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही तिथलेच. प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, आणि एकेक रंग आधीच्या रंगावर बिनचूक बसवायचा. त्यातून लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. भिंती भरल्या, हिशेब मात्र भरेना. कर्ज वाढत गेलं आणि शेवटी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. हौसेने मोठी छपाई घरात आणणाऱ्याचं पुढे काय होतं याचा एवढा ठसठशीत पुरावा महाराष्ट्रात असताना तो बायकोच्या हाती लागू नये अशी काळजी घ्यायला हवी. पण माझी बायको बँकेत कर्ज विभागात आहे. तिने तो आपला आपण शोधून काढला.

मी उलट बाजूचा साक्षीदार उभा केला. ग्रॅहम नॅश. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या बँडमधला गायक. त्याला फोटोग्राफीचा नाद. आपले फोटो मनासारखे मोठे छापायचे म्हणून त्याने आयरिस ३०४७ नावाचा प्रिंटर घेतला. किंमत सव्वा लाख डॉलरच्या आसपास. यंत्र मुळात छापखान्याची प्रूफं काढण्यासाठी बनवलेलं. त्यातून जाड कागद जाईना, म्हणून सरळ करवत घेऊन त्याचा अडणारा भाग कापला. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात त्याच प्रिंटरवर कलाकारांची कामं छापून देण्याचा व्यवसाय सुरू झाला, आणि आज तो प्रिंटर अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

“म्हणजे त्याच्याही घरात राहिला नाही,” बायको म्हणाली.

मोठा प्रिंटर म्हणजे केवढा, हे एकदा समजून घ्यावं लागतं. घरगुती म्हणवणाऱ्यांत पहिली पायरी १३ इंचांची, म्हणजे ए३ पेक्षा थोडा मोठा कागद. दुसरी १७ इंचांची. त्यात ए२ बसतो. तिसरी २४ आणि चौथी ४४ इंचांची. हे आकडे रुंदीचे. गुंडाळीचा कागद चालणारं यंत्र असेल तर लांबीला बरंच मोकळं रान. वाचणारा माणूस १३ पासून सुरुवात करतो आणि पहाटेपर्यंत ४४ वर पोचतो, कारण प्रत्येक पायरीवर कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं की लहान घ्याल तर वर्षभरात पस्तावाल. वजनाकडे लक्ष सकाळी जातं. १७ इंचांच्यात एप्सनचा पी९०० साधारण १५ किलोंचा, एकाने उचलावा आणि दुसऱ्याने दार धरावं असा. कॅननचा प्रो-१००० हा ३२ किलोंचा. त्याला उचलायला दोघं आणि ‘जरा डावीकडे’ म्हणायला तिसरा. २४ इंचांचं धूड स्टँडसकट शंभर किलोंच्या घरात जातं. आमच्या लिफ्टमध्ये पाटी आहे : ४ व्यक्ती, २७२ किलो. वजनाचा प्रश्न नाही. दाराचा आहे.

दुकानात गेलो. काउंटरवरच्या तरुणाने विचारलं, “सर, फ्लेक्स का?”

“नाही. घरी. फोटो.”

“स्टुडिओ आहे?”

“नाही.”

“मग क्लासेस? मंडळ? पक्ष?”

मी पक्षी म्हणालो. त्याने मालकाला हाक मारली.

मालक अनुभवी होते. त्यांनी बजेट विचारलं, मी ते सांगितलं, आणि त्यांनी ते दुरुस्त केलं. मग शाईचं प्रकरण निघालं. फोटोचा प्रिंटर चार रंगांवर चालत नाही. एप्सनच्या त्या यंत्रात १० शाया, प्रत्येकी ५० मिलीलीटर. कॅननच्यात १२, प्रत्येकी ८०. त्यांत नुसत्या काळ्या आणि राखाडी मिळून चार : चकचकीत कागदाची काळी, मॅट कागदाची काळी, राखाडी आणि तिच्याहून फिकी राखाडी. पुण्याचं जुलैमधलं आभाळ छापायचं तर एवढ्या लागणारच. पण बारावी कुपी रंगहीन आहे. चकचकीत कागदावर शाई जिथे पडली आणि जिथे पडली नाही तिथली चमक एकसारखी दिसावी म्हणून ती वरून मारतात. बिनरंगाच्या शाईला पैसे पडतात हे वाक्य बायकोने मला पुन्हा म्हणायला लावलं.

शाई बाहेर कशी पडते यावरूनही जाणकारांत दोन पंथ आहेत. एकाच्या यंत्रात शाई क्षणभर तापवतात, तिचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. दुसऱ्याच्या यंत्रात विजेच्या धक्क्याने स्फटिक हलतो आणि थेंब पिळून काढतो. कोणता चांगला हे विचारू नये. ज्याच्या घरी पहिला बंद पडला तो आज दुसऱ्या पंथात आहे, आणि उलटही. दोन्ही पंथांचं एकमत फक्त एका गोष्टीवर : प्रिंटर पडून राहता कामा नये. शाईची छिद्रं केसाहून बारीक. पुण्याच्या कोरड्या मे महिन्यात त्यांत शाई सुकली की छापलेल्या आभाळात पांढऱ्या रेघा येतात. मग यंत्र छिद्रं साफ करतं. म्हणजे स्वतःच्याच महागड्या शाईने चूळ भरतं आणि ती चूळ पोटातल्या एका डब्यात टाकतं. तो डबा भरला की नवा विकत घ्यायचा. शाईला पैसे, आणि वाया गेलेली शाई ठेवायच्या जागेला वेगळे पैसे. बँकेत इतकी वर्षं काढूनही बायकोला असं व्याज सुचलं नव्हतं.

“मग हे टाळायचं कसं?” तिने विचारलं.

“दर आठवड्याला एक तरी रंगीत फोटो काढायचा.”

“वर्षाला बावन्न. आपल्या भिंती किती?”

भिंती मोजल्या. दोन बेडरूमच्या घरात म्हणायला भिंती खूप असतात, पण त्यांतली रिकामी एकही नसते. हॉलमध्ये एका भिंतीला टीव्ही, एकीला खिडकी, एकीला एसी आणि त्याच्या पाइपची खपली. स्वयंपाकघरात कालनिर्णय, त्याच्या शेजारी काहीही लावलं तर दूधवाल्याच्या खुणा कुठे करायच्या? बेडरूमची भिंत कपाटांनी खाल्ली. राहिली सोफ्यासमोरची. तिथे बाबा आहेत.

बाबांच्या फोटोबद्दल सांगायला हवं. ते गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा चांगला फोटो घरात नव्हता. ऐन गडबडीत एका लग्नातल्या ग्रुप फोटोमधून त्यांना वेगळं काढलं आणि कोपऱ्यावरच्या स्टुडिओत मोठं करायला दिलं. स्टुडिओवाल्याने संध्याकाळपर्यंत काम केलं आणि मनापासून केलं. मागे निळं आकाश घातलं. बाबांच्या शर्टाची कॉलर दबली होती, म्हणून शर्ट काढून काळा कोट आणि टाय चढवला. बाबांनी हयातीत कोट घातला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत कोट घालून गणित शिकवता येत नाही. उजव्या खांद्यावर आत्याचा हात होता, तो पुसताना दोन बोटं राहिली. येणारे पाहुणे हात जोडतात आणि बोटांकडे बघत राहतात.

या फोटोखालीच आमची चर्चा चालायची. आई सोफ्यावर बसून वाती वळत सगळं ऐकत होती. एके दिवशी तिने विचारलं, “तुझ्या त्या यंत्रातला फोटो टिकतो किती?”

मी सांगितलं की शायांचे दोन प्रकार आहेत. विरघळलेल्या रंगाची शाई झळाळते, पण उन्हाने आणि हवेने लवकर उतरते. दुसरीत रंगाचे बारीक कण असतात. ती चांगल्या कागदावर, काचेआड आणि उन्हापासून दूर ठेवली तर तपासणाऱ्या संस्था शंभरावर वर्षांचा अंदाज देतात.

“ती कणांची घे,” आई म्हणाली. “आणि पहिला माझा काढ.”

“आई, असं काय बोलता?” बायको म्हणाली.

“बरोबरच बोलते. ह्यांना कोट घातलात. मला काय घालाल याचा भरवसा नाही. ऐनवेळी कोणीतरी आधार कार्डावरचा मोठा करून आणेल. मी हयात आहे तोवर माझ्या पसंतीने होऊ दे.”

मग तिने प्रश्न विचारले. लावणार कुठे? बघणारा बसणार कुठे? समोरून खिडकीची तिरीप येते, मग कागद चकचकीत कसा चालेल? मला कळेना की इतक्या रात्री मी वाचत काय होतो. पंथ, कुप्या, किलो, सगळं पाठ होतं. पण छापायचा कोणता फोटो, तो कोणत्या भिंतीवर आणि किती लांबून बघायचा, हे एकाही तज्ज्ञाने विचारलं नव्हतं. दुकानदाराने तर नाहीच. या प्रश्नांची उत्तरं आली की प्रिंटर आपोआप ठरतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो न घेण्याचं ठरतं. वर्षाला चार फोटो छापायचे असतील तर लॅबमध्ये द्यावेत. चूळ त्यांचा प्रिंटर भरेल.

आईने निवडलेला फोटो भाच्याच्या लग्नातला होता आणि तो व्हॉट्सॲपवर आलेला. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवावी : नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप आवळून छोटा करतं, लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर आणतं. बारकाईने छापायचं तर इंचाला ३०० ठिपके हवेत. १६०० ला ३०० ने भागलं तर आई सव्वापाच इंचांत संपते. मूळ फोटो भाच्याच्या फोनमध्ये होता : ४००० बाय ३०००. तो त्याच हिशेबाने १३ इंचांवर जातो. पण ३०० चा नियम फोटो हातात धरून बघणाऱ्यासाठी आहे. सोफ्यावरून भिंत सात-आठ फुटांवर. तिथून इंचाला १५० ठिपकेही डोळ्याला भरपूर, म्हणजे हाच फोटो २६ इंचांपर्यंत जाऊ शकतो. चौकातला दादांचा फ्लेक्स याच न्यायावर उभा असतो. जवळ जाऊन बघितलं तर तिथे दादा नसतात, नुसते ठिपके असतात.

“२६ कशाला?” आई म्हणाली. “ह्यांच्या फ्रेमएवढाच हवा. मोठा बरा दिसत नाही.” वाती वळत ती थोडी थांबली. “एखाद इंच मोठा चालेल.”

बाबांची फ्रेम मोजली. फोटो १६ इंच रुंद. अशा रीतीने आमच्या घरी १७ इंचांचा प्रिंटर घ्यायचं ठरलं.

कागदाचा प्रश्न उरला. तिरिपीमुळे मॅट ठरला, आणि मॅटमध्ये कापसाचा. हानम्युला नावाची जर्मन गिरणी १५८४ पासून कागद बनवते, म्हणजे शिवजन्माच्या आधीपासून. तिचा एक कापसाचा कागद चौरस मीटरला ३०८ ग्रॅमचा असतो. जुनेपणाने आई फारशी हलली नाही. पण कागद सुती आहे म्हटल्यावर तिचं मत एकदम चांगलं झालं.

कॅननचं यंत्र आलं, पायऱ्यांवरून तिघांनी आणलं, आणि पहिला फोटो निघाला. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, “ही साडी कोणाची?”

तिची साडी अंजिरी होती. कागदावर ती वांग्याकडे झुकली होती. स्क्रीनवर बरोबर दिसत होती, पण स्क्रीन स्वतः प्रकाश टाकतो आणि कागद दुसऱ्याच्या प्रकाशावर जगतो. स्क्रीनचा उजेड उतरवला. त्या कागदाची त्या प्रिंटरसाठी असलेली आयसीसी प्रोफाइल बसवली, म्हणजे त्या कागदावर हवा तो रंग उमटायला प्रिंटरला कोणते आकडे पाठवायचे याचं कोष्टक. दुसरा फोटो आईने हातात घेतला आणि काही न बोलता गॅलरीत गेली. लक्ष्मी रोडवर साडी घेताना दुकानाच्या पायरीवर नेऊन बघतात, तसा तिने तो दिवसाच्या उजेडात उलटसुलट धरला. छापखान्यांत रंग तपासायला ५००० केल्विनचा प्रमाण उजेड देणाऱ्या खास पेट्या असतात. त्यांचं काम आमच्याकडे पूर्वेची गॅलरी करते. बाराच्या बारा शायांना आमसुली, डाळिंबी, मोरपंखी आणि गुलबक्षी यांच्या सीमा आखता येत नाहीत, आईला येतात. मग तिने तो हॉलमध्ये आणून ट्यूबलाइटखाली धरला, कारण लागायचा तिथे होता. “आता अंजिरी,” ती म्हणाली.

अर्थात फोटो भिंतीवर लावला नाही. तो बटर पेपरात गुंडाळून कपाटाच्या मागे आहे, ‘वेळ येईपर्यंत’. मात्र भजनी मंडळाला तो काढून दाखवला जातो.

तिथून बातमी फुटली. पुढच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या आजी पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. मग त्यांच्या जाऊबाई. मग एक आजोबा, ‘दात लावून काढलेला’ आणि ‘न लावता काढलेला’ असे दोन फोटो घेऊन, दोन्ही छापून बघू म्हणत. एकाने चष्मा काढायला सांगितलं, एकीने नाकातली नथ फोटोत घालून मागितली. एका गृहस्थांनी चौकातल्या फ्लेक्सचा नमुना दाखवून विचारलं, “खाली ‘भावी’ लिहिता येईल का?” सोसायटीत ज्येष्ठ नागरिक भरपूर असल्यामुळे आठवड्याला एका फोटोची यंत्राची भूक अगदी व्यवस्थित भागते. पांढऱ्या रेघा नाहीत, चुळा कमी. बायकोने चौरस फुटाचा दर ठरवून जिन्यात कागद लावला. त्यात शाई, कागद, चुळीचा डबा आणि घसारा धरलेला आहे. रोहित पक्षी अजून हार्ड डिस्कवर आहेत. दोन्ही हार्ड डिस्कवर.

मागच्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त तहसीलदार आले. पार्किंगवरून त्यांचं समोरच्या आजोबांशी जुनं वाकडं आहे. आजोबांचा फोटो १७ इंची झाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

“माझा २४ इंची काढायचा,” ते म्हणाले.

मी सांगितलं की आमचं यंत्र १७ इंचांहून मोठं छापत नाही.

“मग मोठं यंत्र आणा.”

“काका, ते शंभर किलोंचं असतं. लिफ्टच्या दारातून जात नाही. दार काढावं लागेल, आणि त्याला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल.”

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टीपॉयवर उलगडला. ठरावाचा मसुदा तयार होता. सूचक म्हणून त्यांची सही होती, आणि अनुमोदक म्हणून माझ्या आईची.